आठ का पंधरा

शिरूरला रेल्वे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात या गोष्टीचा थोडा हात आहे. बाकी सगळा हात माझा.

आमच्याकडं वेळ सांगायची रीत एसटीची. स्टँडवर कुणाला विचारलं, दौंडची गाडी कधी आहे, तर उत्तर यायचं, येईल इतक्यात. हे 'इतक्यात' पाच मिनिटांचंही असायचं आणि सव्वा तासाचंही, आणि सांगणाऱ्याला आपण खोटं बोललो असं कधी वाटायचं नाही. माझं गाव मांडवगण फराटा. तिथं तर सगळा कारभार नजरेचा. विहिरीत पाणी किती, ढिगातला कांदा किती गोण्या भरेल, लग्नाला माणूस किती येईल, हे डोळे बारीक करून सांगायचं. ज्याचा अंदाज बरोबर यायचा त्याला चारचौघांत मान होता. मोजत बसणारा माणूस आम्हाला जरा मंद वाटायचा.

मी याच वातावरणात तयार झालो. पुण्यात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि नव्वदचं दशक संपता संपता शिरूरला स्टँडजवळ एक गाळा घेऊन बसलो. सकाळी क्लास घ्यायचा, दुपारनंतर लोकांना प्रोग्राम लिहून द्यायचे. प्रोग्राम लिहिणारे तालुक्यात आम्ही बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळं मी स्वतःला फार मोठा समजत होतो. कुणी विचारलं, काम व्हायला किती दिवस लागतील, की माझं उत्तर ठरलेलं: आठ-पंधरा दिवस. समोरच्याचं काम काय आहे हे नीट ऐकून घ्यायच्या आधीच ते तोंडातून निघायचं. प्रत्यक्षात लागायचे दीड-दोन महिने. पण गिऱ्हाईकही आमच्याच मातीतलं असायचं. आठ-पंधरा दिवस म्हणजे 'बघू' हे त्यालाही ठाऊक असायचं. त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती.

मग दौंडचं काम आलं.

तिथल्या एका डॉक्टरांचं स्वतःचं दुमजली हॉस्पिटल होतं. आसपासच्या गावांतून सकाळपासून माणसं येऊन बसायची. जुन्या पेशंटचा केसपेपर गठ्ठ्यांतून शोधून काढण्यात कंपाउंडरचा अर्धा दिवस जायचा. डॉक्टरांना हे सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. पेशंट आला की नाव-गाव टाकायचं, आधीचं आजारपण वर यायचं आणि केसपेपर छापून हातात. किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आठ-पंधरा दिवस.

काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी बसली होती. ऑपरेटर म्हणून तिला नुकतंच घेतलं होतं. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली, राहायला रेल्वे कॉलनीत, वडील मालगाडीवर गार्ड. ती आमचं बोलणं ऐकत होती. डॉक्टर आत गेल्यावर तिनं विचारलं,

"आठ का पंधरा, सर?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिनं डायरी उघडली होती आणि पेनाचं टोपण काढून धरलं होतं. तिला खरोखर आकडा लिहायचा होता. मी हसून म्हणालो, दोन्हीच्या मधलं काहीतरी लिहून टाका. तिनं पेनाला टोपण लावलं आणि काहीच लिहिलं नाही.

ज्या दिवशी मी प्रोग्राम बसवून दिला त्या दिवशी ती म्हणाली, सत्तेचाळीस दिवस झाले, सर. यात टोमणा नव्हता हे आज मला कळतं. स्टेशनवर गाडी किती उशिरा येतेय हे सांगतात, तसं तिनं सांगितलं. दौंडच्या त्या कॉलनीत सगळे असेच बोलायचे. तिथं 'सहाच्या सुमारास' असं काही नसायचं, सहा बावीस असायचं. मला मात्र ते झोंबलं. शिरूरहून दोन तास एसटीत उभं राहून आलेल्या माणसाला एका ऑपरेटरनं दिवस मोजून दाखवावेत, याचा राग मी मनात धरला. हा राग पुढं किती कामाला आला ते सांगतोच.

पहिल्या दिवशी मी डॉक्टरांना प्रोग्राम चालवून दाखवला. त्यात मी खोट्या नावांचे पन्नासेक पेशंट भरून ठेवले होते, सगळे मांडवगणचे. नाव टाकलं, एंटर दाबलं, प्रिंटर लगेच करकरायला लागला. डॉक्टर खूश झाले. कंपाउंडरनं गठ्ठे माळ्यावर टाकले.

पाच-सहा महिने बरे गेले. मग डॉक्टरांचे फोन यायला लागले. काउंटरपुढची रांग पायरीपर्यंत जाते, म्हातारी माणसं उभी राहून कंटाळतात, आमचे जुने गठ्ठेच बरे होते. मी दौंडला गेलो. दहा मिनिटं काउंटरच्या मागं हाताची घडी घालून उभा राहिलो आणि डोळे बारीक करून पाहिलं, अगदी आमच्या गावात ढिगाकडं पाहतात तसं. समोर एक म्हातारी आपलं नाव सांगत होती, मग नवऱ्याचं, मग गाव, मग गाव बदललं, आता लेकीकडं असते म्हणाली. ऑपरेटर शांतपणे ऐकून टाईप करत होती. माझा निर्णय झाला. वेळ टायपिंगमध्ये जातोय.

मी तिला तसं म्हणालो. थोडा हात चालवा, मॅडम, असंच काहीतरी. तिनं खणातून एक वही काढून माझ्यापुढं ठेवली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. आत पट्टीनं रकाने आखले होते. पेशंट समोर आला ती वेळ, एंटर दाबलं ती वेळ, प्रिंटर सुरू झाला ती वेळ. सेकंदासकट. रोज सकाळचे पहिले पाच पेशंट तिनं लिहिले होते, पहिल्या महिन्यापासून. वडिलांचं एक जुनं घड्याळ ती त्यासाठी काउंटरवर समोर ठेवायची. मी ते घड्याळ शोभेचं समजत होतो.

"एंटर दाबल्यावर बघा, सर," ती म्हणाली. "पहिल्यांदा दोन सेकंद लागत व्हते. आता एकोणचाळीस लागत्यात. माझं टायपिंग व्हतं तेवढंच हाय."

मी वही हातात घेतलीसुद्धा नाही. तिच्या बोटाखालच्या पानाकडं वरवर पाहिलं. मला दिसले ते शेवटचे दोन रकाने, कारण ते रिकामे होते. एकावर 'कारण' लिहिलं होतं आणि दुसऱ्यावर 'कारण कळल्याची तारीख'. सगळ्या वहीत त्याखाली एक अक्षर नव्हतं. मला तेवढंच सापडायला हवं होतं. म्हणालो, कारणच लिहिलं नाही, मग या वहीचा उपयोग काय?

"ते मला माहीत न्हाई," ती म्हणाली. "माहीत नसंल तर रकाना मोकळा ठेवायचा, असं अण्णा सांगत्यात. अंदाजानं लिहिलं की कुणाच्या तरी माथी बसतं."

अण्णा म्हणजे तिचे वडील. गार्डला एक वही ठेवावी लागते. गाडी कुठं उभी राहिली, किती वाजता हलली, का उभी राहिली. लहानपणी ती त्यांच्या वहीत रकाने आखून द्यायची, हे तिनं मला तेव्हाच सांगितलं. मी ते कानाआड केलं. मी तिला म्हणालो, आम्ही प्रोग्राम लिहितो, आम्हाला कळतं कुठं वेळ जातो. हे वाक्य मी जसं बोललो तसंच लिहितोय. त्यातलं 'आम्ही' कोण होतं, मला माहीत नाही. मी एकटाच होतो.

त्यानंतर केबिनमध्ये चहा झाला. डॉक्टरांनी विचारलं, काय अडचण आहे? मला सांगता आलं असतं की अजून बघतो. पण अजून बघतो म्हणणं म्हणजे मला कळलेलं नाही हे कबूल करणं, आणि ते माझ्या जिवावर येत होतं. त्यात तिनं मोजलेले सत्तेचाळीस दिवस मनात होतेच. मी हसून म्हणालो, "सर, एक्सप्रेसच्या रुळावर तुम्ही मालगाडी घातलीय."

डॉक्टर मोठ्यानं हसले. दौंडच्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही, आणि तिचे वडील मालगाडीवर गार्ड आहेत हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. कप न्यायला आलेला कंपाउंडरही हसला. मला फार बरं वाटलं. आपण चतुर आहोत असं वाटलं. मी निघालो तेव्हा बाहेर रांगेतला एक ओळखीचा माणूस कंपाउंडरला विचारत होता, काय वो, मालगाडी कवा सुटायची? तिनं मान वर केली नाही. मी तिच्यासमोरून चालत गेलो आणि एसटी पकडली.

दुरुस्ती म्हणून मी काय केलं, तर टायपिंग कमी करून दिलं. गावांची नावं आकड्यांनी टाकायची सोय केली, आडनावांच्या याद्या घातल्या. डॉक्टरांना आठ-पंधरा दिवस सांगितले होते, महिना लागला. मी खपून काम केलं, हे खरं आहे. ज्या जागी वेळ जात नव्हता त्या जागेवर मी महिनाभर घाम गाळला. रांग होती तिथंच राहिली, उलट वाढली.

मग एक दिवस डॉक्टरांनी मला फोनवर सरळ विचारलं, प्रोग्रामचा दोष आहे का माणसाचा? दोन्हीपैकी एक सांगा, मला निर्णय घ्यायचाय. मी गाळ्यात उभा होतो, समोर क्लासची पोरं बसली होती. एक क्षण ती खाकी कव्हरची वही डोळ्यांसमोर आली. मी म्हणालो, माणसाचा.

पुढच्या सोमवारपासून ती तिथं नव्हती.

तिच्या जागी दुसरी ऑपरेटर आली. तिची बोटं इतकी भराभर चालायची की बघत राहावं. आणि तरीही रांग पायरीपर्यंतच. नवीन बाई स्पष्ट बोलणारी निघाली. तिनं दोन आठवडे पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं, मी टाईप करून हात बांधून बसते, ही पेटी काय करते ते तुमच्या प्रोग्रामवाल्याला विचारा. डॉक्टरांनी मला बोलावलं. पहिली ऑपरेटर गेल्यापासूनचा तो तेविसावा दिवस होता, मंगळवार. एवढं नेमकं मला दुसरं काही आठवत नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. नवीन बाईंनी नाव टाकलं, एंटर दाबलं. मी काट्याकडं बघत राहिलो. दहा. वीस. तीस. चव्वेचाळिसाव्या सेकंदाला प्रिंटर वाजला. मी परत करून पाहिलं. पुन्हा चव्वेचाळीस. कारण सापडायला मला पुढं चार मिनिटंही लागली नाहीत.

प्रोग्राम लिहिताना सुरुवातीला मी खोट्या नोंदी घालून पुसत होतो. पुसलेल्या नोंदी फाईलमध्ये तशाच पडून राहतात. त्या कायमच्या काढायच्या तर सगळी फाईल पहिल्यापासून नव्यानं लिहून घ्यावी लागते. त्यासाठी एका शब्दाची आज्ञा असते, पॅक. ती मी केसपेपर साठवण्याच्या जागी टाकून ठेवली होती, माझ्या सोयीसाठी, आणि काम झाल्यावर काढायला विसरलो होतो. म्हणजे एक पेशंट वाढला की प्रोग्राम सगळे पेशंट पुन्हा उतरवून काढत होता. शाळेत एक मूल नवीन आलं म्हणून मास्तरानं सगळा हजेरीपट पहिल्या नावापासून परत लिहावा, तसं. मांडवगणचे पन्नास पेशंट होते तोवर ते कुणाला कळलं नाही. खरे पेशंट हजारांवर गेले तसा रोज थोडा थोडा वेळ वाढत गेला. तिच्या वहीत तो रोज वाढताना दिसत होता. वही वाचली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं की जे पेशंटच्या संख्येबरोबर वाढतंय ते बोटांचं काम नाही.

मी तो शब्द पुसला. एंटर दाबलं. प्रिंटर लगेच वाजला.

नवीन बाई म्हणाल्या, अय्या. डॉक्टर बाहेर आले, रांग सरकताना पाहून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, नवीन व्हर्जन टाकलंय, सर. ते म्हणाले, ऑपरेटर पण आता चांगली मिळाली, दोन्ही जुळून आलं, ते आधीच करायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द आला होता, खरंच आला होता. पण चहा आला. मी चहा प्यालो. त्या चहाच्या कपाएवढा वेळ माझ्या हातात होता आणि मी तो पिऊन टाकला.

आमचे वडील कांद्याच्या ढिगाकडं पाहून गोण्या सांगायचे आणि एखाद-दोन गोण्यांपलीकडं चुकायचे नाहीत. ही त्यांची नजर मी लहानपणापासून अभिमानानं सांगत आलो होतो. त्या दिवशी परतीच्या एसटीत मला आठवलं की अंदाज सांगून झाल्यावर ते घरी जायचे नाहीत. शेवटची गोणी भरून काट्यावर चढेपर्यंत तिथंच उभे असायचे, आणि चुकले तर कितीनं चुकले हे स्वतःशी पुटपुटायचे. वर्षानुवर्षं. मी त्यांची नजर तेवढी पाहिली. काट्याजवळ उभं राहणं पाहिलंच नाही.

वर्षभरात मी गाळा बंद केला आणि पुण्याला एका कंपनीत लागलो. तिथं माझे एक वरिष्ठ होते, कुणीही काहीही मंद चालतंय म्हणून आलं की एवढंच विचारायचे, मोजलंस का? मला हा प्रश्न कुणी शिकवायची गरज नव्हती. बघता बघता मीही तो विचारायला लागलो. नवीन पोरांना मी माझी गोष्ट सांगायचो, एक हॉस्पिटल, एक रांग, एक विसरलेला शब्द. पोरं हसायची. त्यांना फार आवडायची ती गोष्ट. त्या गोष्टीत ऑपरेटर नसायची. मी महिनाभर चुकीच्या जागी खपलो एवढंच असायचं, म्हणजे चूकही माझी आणि शहाणपणही माझंच. एकदा एका मुलीनं विचारलं, पण सर, तिथं रोज बसणाऱ्या माणसाला काहीच लक्षात आलं नव्हतं? मी म्हणालो, नाही. आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी दौंडला गेलो. पॅसेंजरनं गेलो, वेळेवर पोहोचलो. तिला तिथून काढल्याला तोवर चार वर्षं होऊन गेली होती. रेल्वे कॉलनीत विचारलं तर कळलं, गार्डसाहेब रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आता गावाबाहेर दोन खोल्या बांधून राहतात. शोधत गेलो. दारात स्वतः तेच होते. मी त्यांना मामा म्हटलं आणि हॉस्पिटलचा प्रोग्राम मी लिहिला होता असं सांगितलं. मला वाटलं होतं दार बंद होईल. त्यांनी खुर्ची दिली.

मुलगी शाळेत गेली होती, रविवार असूनही. बोर्डाच्या परीक्षेचं काही काम होतं. शाळेच्या कार्यालयात ती दाखले लिहून देते, हातानं, अक्षर फार सुरेख, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. मग म्हणाले, "शाळेत बी कॉम्प्युटर आलाय. हेडमास्तर लई म्हंत्यात, बस म्हणून. ही बसत न्हाई. म्हणती, मी हळू हाय."

मला वाटत होतं मी तिची नोकरी घालवली. नोकरी दुसरीही मिळाली होती. घालवलं होतं ते वेगळंच. दोनशे पानांचा पुरावा जवळ असला तरी माणूस किती दिवस आपल्यापुरतं खरं धरून ठेवणार, जेव्हा रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण मालगाडी म्हणतो? शेवटी तिनं आपलं मोजणं सोडलं आणि माझा अंदाज धरला.

ती बाराला आली. मला ओळखलं. सर, तुम्ही, असं म्हणून पाणी घेऊन आली. मी उभा राहिलो आणि जे पाठ करून आलो होतो ते बोललो. तुमचं टायपिंग हळू नव्हतं. तुम्ही लिहिलं होतं तेच बरोबर होतं, एंटरनंतरच वेळ जात होता. माझीच एक चूक होती, मी एक शब्द काढायला विसरलो होतो. मी तुमची वही वाचली नाही. आणि मालगाडी हा शब्द माझा होता, तो मीच पहिल्यांदा बोललो.

शेवटचं तिला माहीत नव्हतं. तिनं वडिलांकडं पाहिलं. ती आत गेली, आणि मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही. पण ती आली ती तीच खाकी वही घेऊन. मामांनी आपल्या वह्यांबरोबर तीही जपून ठेवली होती. शेवटचं लिहिलेलं पान तिनं काढलं, टेबलावर पालथ्या हातानं सपाट केलं आणि पेन उघडलं. मी तिच्यासमोर बसलो. 'कारण' या रकान्यात तिनं सुरेख अक्षरात लिहिलं, प्रोग्राममधली चूक. मग पेन शेजारच्या रकान्यावर नेलं.

"कवा कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

रागानं नाही. रकाना भरायचा होता.

मला दिवस पाठ होता. तेविसावा दिवस, मंगळवार. नवीन बाई तेव्हा कायम झाल्या नव्हत्या. मी केबिनमध्ये एक वाक्य बोललो असतो तर डॉक्टरांनी हिला परत बोलावून घेतलं असतं, ते काही वाईट माणूस नव्हते. ती काउंटरवर परत बसली असती, आणि मालगाडी या नावाचं हसं उलट माझ्याकडं आलं असतं. चार वर्षं मी हे जाणत होतो. हेच सांगायला मी पुण्याहून आलो होतो, चूक सांगायला नव्हे. चुका सगळ्यांच्या होतात.

"झाले आठ-पंधरा दिवस," मी म्हणालो. "जुन्या फ्लॉप्या बघत होतो, तेव्हा दिसलं."

तिचं पेन थांबलं. तिनं वर पाहिलं.

"आठ का पंधरा, सर?"

"पंधरा," मी म्हणालो.

ती भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेली, बोटानं एकेक चौकोन मागं मोजत पंधरावर थांबली आणि परत येऊन तारीख लिहिली. मामांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. त्यांचा चेहरा उजळला होता. आता बस बरं त्या कॉम्प्युटरवर, ते तिला म्हणाले. ती म्हणाली, उद्या विचारते. मग ते माझ्याकडं वळले.

"कळल्या कळल्या सांगाया आलात, साहेब," ते म्हणाले. "एवढं कोण करतं? बसा, चहा घिऊन जावा."

मी बसलो. चहा घेतला. तिनं शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली आणि मग आत नेऊन ठेवली.

त्या वहीत किती नोंदी आहेत ते मला माहीत नाही, मी मोजल्या नाहीत. सगळ्या घड्याळ समोर ठेवून केलेल्या आहेत. एक तेवढी खोटी आहे, ती मी सांगितलेली.